हजारातल्या एकावर शिकलेले वैद्यक

केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक साधा हिशेब मांडला होता. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या नोंदींवरून त्यांनी दाखवले की, 1000 प्रौढ माणसे घेतली तर महिनाभरात त्यांतल्या सुमारे 750 जणांना काही ना काही दुखतेखुपते. त्यांपैकी 250 जण डॉक्टरकडे जातात, 9 जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो एक. डॉक्टर मात्र घडतात ते या एकाच्या खाटेपाशी. उरलेल्या 249 जणांवर उपचार कसे करायचे, हे त्यांना पुढे नोकरीत ज्याचे त्याने शिकायचे असते.

हा फरक केवळ गर्दीचा नाही, गणिताचाही आहे. समजा, एखादी तपासणी 100 पैकी 95 वेळा बरोबर निदान देते. मोठ्या रुग्णालयात चाळण लागून आलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना तो आजार असेल, तर तिचा निष्कर्ष जवळजवळ डोळे झाकून मानता येतो. पण गावात 1000 जणांमागे 10 जणांनाच तो आजार असेल, तर तीच तपासणी सुमारे 59 जणांना ‘पॉझिटिव्ह’ ठरवते आणि त्यांतले खरे आजारी असतात नऊ-दहा. म्हणून मेडिकल कॉलेजातून आलेला निवासी डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्यांदा बसतो तेव्हा चाचपडतो. त्याला डोकेदुखी म्हटले की सीटी स्कॅन आठवतो. समोरच्या बाईचे दुखणे मात्र जागरणाचे, उपासाचे, चष्म्याच्या नंबराचे किंवा कधीच न मोजलेल्या रक्तदाबाचे असते.

इथे कामी येते ते थांबण्याचे कौशल्य. ‘परवा पुन्हा या, ताप चढला तर आधीच या’ हे वाक्य कामचुकारपणाचे नाही. काळ हीदेखील एक तपासणीच आहे. पण ते वाक्य बोलणारा डॉक्टर परवा तिथे असावा लागतो. आपला अंदाज चुकला की बरोबर आला, हे त्याच रुग्णाला पुन्हा पाहिल्याशिवाय कळत नाही. दर काही दिवसांनी वॉर्ड बदलणाऱ्या निवासी डॉक्टरला ते कळावे कसे?

भोर समितीने 1946 मध्येच डॉक्टरांच्या शिक्षणात तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकासाठी सुचवले होते. 2020 मध्ये निघालेल्या अधिसूचनेने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा स्तरावर काम बंधनकारक केले. पाऊल योग्यच होते. मात्र विद्यार्थी आला म्हणजे एक जोडी हात मिळाले, रिकाम्या पदाची तेवढीच सोय झाली, असा त्याचा अर्थ लावला गेला तर त्या तीन महिन्यांत शिक्षण कमी आणि ड्यूटीच अधिक होणार.

या पायरीवर शिकण्यासारखे काही नसते, हा समज महाडजवळच्या बिरवाडीने केव्हाच खोटा ठरवला आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून नोंदी ठेवल्या. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध लाल विंचवाच्या दंशावर वापरले आणि मृत्यूचे प्रमाण खाली आले. शहरातल्या रुग्णालयात हा रुग्ण पोचतच नव्हता, मग त्याचा अभ्यास तिथे होणार कसा?

तेव्हा या तीन महिन्यांतला आठवड्याचा एक ठरलेला दिवस एकाच प्राथमिक आरोग्य केंद्रात, त्याच त्या कुटुंबांसाठी राखून ठेवता येईल. त्याला नवी इमारत लागत नाही. लागतो तो निवासी डॉक्टरशेजारी बसून ‘हिला आज का पाठवले नाहीस?’ असे विचारणारा अनुभवी वैद्यकीय अधिकारी. सध्या तो सकाळच्या ओपीडीत एकटाच असतो आणि दुपारी त्याला तालुक्याच्या बैठकीला जायचे असते.