तण कोणी तपासायचे?

मुरगूड परिसरातील उसात तणनाशक आले, आणि भांगलणाऱ्या स्त्रियांची मजुरी तेवढी आटली. आता फवारूनही तण उभे राहिले, की दुकानदार मात्रा वाढवावयास सांगतो. पण औषध भेसळीचे होते, फवारणी चुकली, की तणच औषधाला बधेनासे झाले? (लव्हाळ्याची गोष्ट निराळी, तो ॲट्राझीनला पूर्वीपासूनच जुमानत नाही.) हरियाणा-पंजाबात गव्हातील गुल्लीदंडा आयसोप्रोट्यूरॉनला दाद देईनासा झाल्याचे १९९० नंतर लवकरच उघड झाले. वर्षानुवर्षे भात-गहू आणि तेच एक औषध, हे त्याचे कारण.

परीक्षा अवघड नाही. वाचलेल्या तणाचे बी आणि कधीच न फवारलेल्या रानातील त्याच तणाचे बी वेगवेगळ्या कुंड्यांत पेरावे, दोहोंना शिफारशीची मात्रा द्यावी, तीनएक आठवड्यांनी जगलेली रोपे मोजावीत. बिद्रीच्या कारखान्याचे शेतकी खाते किंवा पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र हे करू शकेल. ज्याचा नफा दुप्पट मात्रेत आहे, त्याच्याकडून निदानाची अपेक्षा कशी धरावी? खर्च मात्र ऊसबिलातून कापू नये. तणनाशकाच्या कंपन्यांवर उपकर बसवावा, आणि निष्कर्ष सोसायट्यांच्या फलकांवर लावावेत.