चोवीस सामने आणि एक दुपार

आयपीएलमध्ये लीग टप्प्यात पहिला आलेला संघ पहिली क्वालिफायर हरला, तरी त्याला अजून एक संधी मिळते. २०११ पासूनची ही पद्धत आहे आणि ती आपल्याला इतकी अंगवळणी पडलीय की त्यामागचं शहाणपण लक्षातच येत नाही. ते लक्षात यायला अमेरिकेतलं मुलींचं कॉलेज सॉफ्टबॉल बघावं.

तिथे कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. आधी गटातल्या गटात साखळी सामने, मग शेवटी बहुतेक गटांची एक छोटी बाद फेरीची स्पर्धा. जो ती जिंकेल त्याला ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं थेट तिकीट. बाकीच्या जागा समिती निवड करून भरते.

पॅक-१२ हा पश्चिमेकडचा दादा गट. तिथे वर्षानुवर्षं ही शेवटची स्पर्धा नव्हतीच. सॉफ्टबॉल खेळणारे नऊ संघ, प्रत्येकाशी तीन सामने, म्हणजे एकूण चोवीस. त्यात जो वर तो विजेता, विषय संपला. २०२३ मध्ये त्यांनी पहिल्यांदा टूसॉनला बाद फेरीची स्पर्धा भरवली. साखळीत यूसीएलए पहिली होती. स्पर्धा युटाने जिंकली, तीही फायनलमध्ये यूसीएलएलाच हरवून.

आता माझ्यातला इंजिनिअर म्हणतो, चोवीस सामन्यांचा डेटा हातात असताना एका दुपारच्या निकालावर कोण विश्वास ठेवतं? त्यात सॉफ्टबॉल सात इनिंगचा खेळ. बेसबॉलच्या पिचरला मध्ये काही दिवस विश्रांती देतात. इथे एकच मुलगी लागोपाठच्या दिवशी पिचिंग करते, हे नेहमीचंच. तिचा हात चालला तर साधा संघसुद्धा तीन दिवस कुणालाही भारी पडतो.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत दुसरं मानांकन मिळालेली यूसीएलए स्वतःच्या मैदानावर पहिल्याच टप्प्यात दोन सामने हरून बाहेर पडली. आणि युटा? थेट ओक्लाहोमा सिटीला, शेवटच्या आठांत! म्हणजे ती दुपार खरं बोलत होती का?

माझ्या मते दोन्ही खरं बोलत होते, फक्त प्रश्न वेगळे होते. साखळी विचारते, वर्षभरात चांगलं कोण खेळलं? बाद फेरी विचारते, आत्ता, या घडीला कोण जोरात आहे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पॅक-१२ मध्ये यातून कुणाचं नुकसानही झालं नाही, कारण हरलेल्या यूसीएलएला समितीने घेतलंच.

घोळ होतो तो छोट्या गटांत. तिथे समिती सहसा कुणाला उचलत नाही, त्यामुळे गटातून बहुधा एकच संघ पुढे जातो. त्यातही जिथे एका पराभवात बाहेर जावं लागतं, तिथे वर्षभर पहिल्या राहिलेल्या संघाची एक दुपार बिघडली की खेळ खल्लास. त्यातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींचं तर कॉलेजचं खेळणंच तिथे संपतं. पुढच्या सोमवारी त्या तुमच्या-माझ्यासारख्या नोकरी शोधायला लागतात.

म्हणून स्पर्धा बंद करा, असं मी म्हणणार नाही. तळातल्या संघालाही मे महिन्यात जिंकायची आशा असावी, त्यात मजा आहे. पण साखळीत पहिल्या आलेल्या संघाला दोन जीव द्या. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यात दोनदा हरल्याशिवाय कुणी बाहेर जात नाही. मग तिथवर पोचायच्या दारातच काही गटांत एका पराभवात हकालपट्टी का? एक-दोन सामने वाढतील, टीव्हीवाले खूशच होतील :)

असो. पॅक-१२ ची ती स्पर्धा त्या रूपात दोनदाच झाली. २०२४ ची यूसीएलएने जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात बारापैकी दहा कॉलेजं गट सोडून गेली. छोट्या गटांतल्या मुली मात्र अजूनही दर मे महिन्यात त्या एका दुपारवर चार वर्षं लावतात.