खातेवही आणि दयाबुद्धी

कुराणातील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, असे विचारले तर आपण बहुतेक स्वर्ग-नरकाचे नाव घेऊ. प्रत्यक्षात दुसऱ्या अध्यायातील ही २८२ वी आयत उधारीच्या लिखापढीविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लेखनिकाने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय. म्हणूनच बिनव्याजी इस्लामी बँकांना ‘ब्लॉकचेन’चे आकर्षण वाटावे, यात मला नवल वाटत नाही.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेली एकच खातेवही. प्रत्येक नोंद मागच्या नोंदीत अशी गुंफलेली, की जुने एक अक्षर खोडले तरी ते उघडकीस यावे. दोन साक्षीदारांच्या जागी शेकडो साक्षीदार! अबुधाबीच्या अल हिलाल बँकेने २०१८ साली आपल्या ५० कोटी डॉलरच्या सुकूकपैकी लहानशा हिश्शाचा व्यवहार या पद्धतीने केला. सुकूक म्हणजे व्याजाचा रोखा नव्हे, तर मालमत्तेतील हिस्सा. तेव्हा मालक कोण, हे स्पष्ट असणे तेथे अगत्याचे. २०१९ मध्ये इंडोनेशियात छोट्या उद्योजकांना भांडवल पुरविणाऱ्या एका संस्थेसाठीही असे सुकूक निघाले. खोट्या नोंदींना आळा बसत असेल तर हे पाऊल स्वागतार्हच आहे.

परंतु याच अध्यायात दोन आयती आधी, २८० व्या आयतीत, दुसरी आज्ञा आहे : ऋणको अडचणीत असेल तर त्याला सुस्थिती येईपर्यंत मुदत द्या, कर्ज सोडून दिलेत तर अधिकच चांगले. ब्लॉकचेनवरील ‘स्मार्ट करार’ मात्र ठरल्या तारखेला आपोआप अमलात येतो. दुकानदाराच्या घरी आजारपण आहे की तो बुडवेगिरी करतो आहे, हे त्याला कसे कळावे? सवलतीचे कलम करारात घालता येईल, असे कोणी म्हणेल. मान्य, पण खरी नड ओळखायला समोर माणूसच हवा.

व्याजबंदीचा हेतू गरजवंताची अडवणूक थांबविणे हा आहे, असे मी समजतो. तेव्हा वही यंत्राने जरूर राखावी. मुदत वाढविण्याचा अधिकार मात्र माणसाच्या हाती राहावा. नाहीतर एक आयत तंतोतंत पाळताना दुसरी आपण विसरून जाऊ. मग हिशेब चोख राहील, पण न्याय होणार नाही.