विश्लेषण : परदेशी भेक घरात पाळावा का? काचेची टाकी, कायदा आणि बुरशीचा धोका

जून २०२५ मध्ये थायलंडहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क विभागाला ४७ विषारी साप आणि पाच कासवे सापडली. परदेशी प्राणी पाळण्याच्या हौसेमागे चोरटा व्यापार कसा उभा राहतो, याचे हे एक उदाहरण. या हौशी मंडळींना भेक, म्हणजे खडबडीत कातडीचा ‘टोड’, तुलनेने निरुपद्रवी वाटतो. तो चावत नाही, आवाज करत नाही, जागाही थोडी लागते. प्रत्यक्षात त्याची जबाबदारी मोठी आहे आणि ती घराच्या भिंतींपुरती उरत नाही.

टाकी कशी असावी लागते?

जगभर पाळल्या जाणाऱ्या जातींपैकी एक म्हणजे पूर्व आशियातील ‘फायर-बेलीड टोड’. पाठ हिरवी, पोट लाल-काळे. नावात ‘टोड’ असले तरी तो बराच वेळ पाण्यात घालवतो. जोडीसाठी साधारण ४० लिटरची काचेची टाकी लागते. त्यात अर्धी जमीन, अर्धे उथळ पाणी आणि लपायला जागा हवी. वर घट्ट बसणारे जाळीचे झाकणही हवे, कारण हा प्राणी सहज निसटतो.

उभयचर प्राणी कातडीतून पाणी शोषतात. त्यामुळे नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढूनच ते टाकीत घालावे लागते. या जातीला १८ ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते राखायचे तर खोली थंड ठेवण्याचा खर्च आलाच.

खायला काय घालायचे?

भेक सहसा हलणारे भक्ष्यच टिपतो. रातकिडे, छोटी झुरळे, गांडुळे हा त्याचा आहार. किडा भेकाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. पिलांना रोज, तर प्रौढांना आठवड्यातून दोन-तीनदा खायला घालतात. किड्यांवर कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाची पूड भुरभुरली नाही, तर भेकाची हाडे ठिसूळ होतात. फवारणी झालेल्या बागेतले किडे घातक ठरू शकतात. म्हणजे भेकासोबत रातकिड्यांचा डबाही सांभाळायचा, आणि तोही दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. धोक्यातील प्रजातींच्या व्यापारावरील ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचींमधील प्राणी तिने कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आणले. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणीसाठी अर्ज करायचा आहे. जुन्या मालकांना सहा महिन्यांची मुदत होती. आता प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. जन्म, मृत्यू आणि हस्तांतरही कळवायचे असते.

मात्र व्यापारातले बहुतेक सामान्य भेक ‘साइट्स’च्या सूचीत नाहीत, त्यामुळे ते या नोंदणीच्या जाळ्यातून सुटतात. रानातला देशी बेडूक उचलून आणणे हाही त्यावरचा मार्ग नव्हे. आपल्याकडचा मोठा पिवळा बेडूक कायद्याने संरक्षित आहे.

खरा धोका कोणता?

उभयचरांच्या कातडीवर हल्ला करणारी ‘कायट्रिड’ बुरशी. २०१९ मधील एका अभ्यासानुसार तिच्यामुळे किमान ५०१ प्रजातींची संख्या घटली आणि त्यातील ९० नामशेष झाल्याचे मानले जाते. २०१८ च्या संशोधनाने तिचे मूळ कोरियन द्वीपकल्पात शोधले आणि विसाव्या शतकातील उभयचरांच्या व्यापाराशी तिच्या फैलावाचा संबंध जोडला. पश्चिम घाटातही ही बुरशी आढळली आहे. आशियात अमेरिका-ऑस्ट्रेलियासारखी पडझड दिसलेली नाही. पण बाहेरून तिचा नवा वाण आला तर काय होईल, याची खात्री देता येत नाही. बुरशी सूची पाहून पसरत नाही. टाकीतले पाणी गटारात ओतले तरी ती बाहेर पडू शकते.

मोकळा सुटलेला प्राणीही संकट ठरतो. भारतात सर्रास दिसणाऱ्या जातीचा आशियाई भेक मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ पोहोचला आणि २०१४ मध्ये तिथे तो पसरल्याचे लक्षात आले. तिथल्या साप-पक्ष्यांना त्याच्या विषाची सवय नाही.

मग पाळणाऱ्याने काय करावे?

प्राणी बंदिवासात जन्मलेला आहे का, कागदपत्रे आहेत का, शहरात उभयचरांवर उपचार करणारे पशुवैद्य आहेत का, हे विकत घेण्याआधी विचारावे. टाकीचे पाणी निर्जंतुक करूनच ओतावे. हाताळण्याआधी आणि नंतर हात धुवावेत. आणि हौस फिटली तरी भेकाला तळ्यात, शेतात किंवा ओढ्याकाठी सोडू नये. ज्याला ही शेवटची अट दहा वर्षे पाळता येणार नाही, त्याने पावसाळ्यात अंगणात येणारा भेक पाहण्यातच समाधान मानावे.