इंग्रजीच्या बाई कुठल्या?

थायलंडला इंग्रजी शिकवायला निघालेय, असं मी सांगितलं तेव्हा ओळखीच्या पुरुषांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू उमटलं. बँकॉक म्हटलं की त्यांना जे आठवतं, तेच आठवलं असणार. बायकांनी मात्र सरळ मुद्द्याला हात घातला. एक मावशी म्हणाल्या, "तुला कशाला बोलावलं गं त्यांनी? गोरे मिळेनात की काय?"

मावशींचा प्रश्न किती बरोबर होता, हे तिकडे पोचल्यावर कळलं. तिथल्या इंग्रजी शिक्षकांच्या जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर' असा एक शब्द असतो. म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका अशा ठरलेल्या देशांचा पासपोर्ट. तो असेल तर इंग्रजी आईच्या दुधाबरोबर आलं असं धरतात. आपण भारतीय आणि फिलिपिनो मंडळी 'नॉन-नेटिव्ह'. आम्ही इंग्रजीची परीक्षा देऊन गुणपत्रिका दाखवायची आणि तरी पगार कमी घ्यायचा. आमच्या शाळेत एक ऑस्ट्रेलियन मुलगा होता. वय चोवीस, शिकवण्याचा अनुभव शून्य, जग बघायला निघालेला. माझं बी.एड., नऊ वर्षांची नोकरी, आणि त्याचा पगार माझ्या जवळजवळ दीडपट! मुलगा चांगला होता हो. वर्गात गिटार वाजवायचा, पोरं त्याच्यावर जीव टाकायची. दोष त्याचा नव्हताच.

शाळा आयुथयाजवळच्या एका गावात होती. सकाळी आठला झेंडा वर जाई, राष्ट्रगीत सुरू होई आणि त्या वेळी फाटकाबाहेर भाजी घ्यायला थांबलेली माणसंही जागच्या जागी उभी राहत. मग चाळीस मुलांचा वर्ग, पन्नास मिनिटांचा तास, दिवसाला चार-पाच तास. वर्गात जायचं ते चपला बाहेर काढून. मधल्या सुट्टीत कैरीच्या फोडी तिखट-मीठ-साखरेत बुडवून खाणारी पोरं पाहिली की मला आपल्या शाळांबाहेरच्या गाड्या आठवायच्या. जेवणाचे मात्र हाल. मी शाकाहारी, आणि तिथे पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा सुकी कोळंबी आणि माशाचा अर्क. मग पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं शोधायला शिकले. 'जे' म्हणजे मांस-मासळी नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. थोडक्यात, चातुर्मास! साधारण आपल्या नवरात्राच्या सुमाराला तिथे 'जे'चा नऊ दिवसांचा सणच असतो. त्या नऊ दिवसांत मी वर्षभराचं खाऊन घेई.

आणि हो, ज्यांना ते विशिष्ट हसू आलं होतं त्यांच्यासाठी सांगते. ज्या धंद्यामुळे बँकॉकचं नाव खराब झालं तो तिथे आहेच, मी तो झाकणार नाही. पण माझ्या गावात रात्री दहाला बाजारातून मी एकटी चालत घरी यायची आणि रस्ताभर गाड्यांवर बायकाच बसलेल्या असायच्या. नूडल्स विकणारी बाई, फळं विकणारी बाई, गल्ला सांभाळणारी बाई. नवरा मागे भांडी विसळतोय. इतक्या बायका रस्त्यावर असल्या की रस्त्याची भीती निघून जाते, हे मी पहिल्यांदा तिथे अनुभवलं.

आता मूळ मुद्दा, इंग्रजीचा. थाई भाषेत क्रियापद बदलत नाही. काल गेलो, आज जातो, उद्या जाईन, सगळ्याला 'जा' एवढंच. काळ कळायला 'काल', 'उद्या' असा एखादा शब्द जोडला की झालं. त्यामुळे मुलं बिनदिक्कत 'आय गो यस्टर्डे' म्हणतात. शब्दाच्या शेवटचा 'ल' त्यांच्या जिभेवर 'न' होतो, म्हणून 'फुटबॉल'चा 'फुतबॉन'. 'स्कूल'मधलं जोडाक्षर फोडून ती 'सकून' म्हणतात. ऑस्ट्रेलियन मुलगा ते ऐकून हसायचा आणि पुन्हा 'स्कूल, स्कूल' म्हणून दाखवायचा. मला हसू येत नसे, कारण आमच्या गावाकडे हाच शब्द 'इस्कूल' होता. आपण आधी 'इ' लावून जोडाक्षराला पायरी करून दिली, त्यांनी मधे 'अ' घालून फट ठेवली. अडचण एकच.

मी मराठी शाळेतली. पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आमची पिढी त्याच्या आधीची. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, वहीभर स्पेलिंगं, आणि 'ए', 'अ‍ॅन', 'द' यांनी आणलेला वैताग. मराठीत 'द' नाही, थाईमध्येही नाही. ऑस्ट्रेलियन मुलाला एकदा एका मुलीनं विचारलं, "इथे 'द' का?" तो म्हणाला, "तसं बरं वाटतं कानाला." खरं होतं त्याचं. त्याला ते नियम म्हणून कधी शिकावंच लागलं नव्हतं. मी मात्र फळ्यावर दोन केळी काढली. एक कुठलंही केळं, आणि एक 'ते' केळं, जे मघाशी तू खाल्लंस. 'ते' म्हटल्यावर पोरीचा चेहरा उजळला. हे मला सुचलं, कारण सातवीत माझ्या बाईंनी मला असंच समजावलं होतं. जिथे आपण स्वतः अडखळलो, तिथला दगड आपल्याला माहीत असतो.

हा केवळ माझ्या मनाचा दिलासा नव्हे. रॉबर्ट फिलिपसन या भाषातज्ज्ञानं १९९२ सालच्या आपल्या पुस्तकात साफ म्हटलंय की, 'जन्मानं इंग्रजी बोलणाराच उत्तम इंग्रजी शिक्षक' ही समजूत चुकीची आहे. म्हणजे तिकडे गोऱ्या विद्वानांनीच हे लिहून ठेवलंय. शाळेच्या ऑफिसात पोचायला वेळ लागतो, एवढंच.

थाई भाषेनं मात्र मला कधी परकं वाटू दिलं नाही. स्टेशनवरच्या घोषणेत 'वेला' ऐकलं आणि मी कान टवकारले. वेळच ती! जेवण म्हणजे 'आहान', आपला आहार. फोनला 'थोरसप', म्हणजे दूर-शब्द. शिक्षक म्हणजे 'ख्रू', अर्थात गुरू, आणि कॉलेजातल्या प्राध्यापकाला 'आचान', आचार्य. जून महिन्यात शाळेत 'वाय ख्रू' होतो, गुरुवंदना. बहुतेक ठिकाणी दिवस गुरुवारच निवडतात. मुलं गुडघ्यांवर चालत येतात आणि शिक्षकांपुढे फुलांची तबकं ठेवतात. त्या तबकात काय असतं? वांग्याची फुलं, कारण ती खाली वाकलेली असतात, तशी नम्रता यावी. 'खेम' म्हणजे सुई, म्हणून त्या नावाची फुलं, बुद्धी सुईसारखी तीक्ष्ण व्हावी. आणि दुर्वा! भराभर पसरतात म्हणून, तशी विद्या पसरावी. माझ्यापुढे दुर्वा ठेवणाऱ्या त्या पोरीला कुठे ठाऊक, की आमच्याकडे या गणपतीला वाहतात. त्या दिवशी मी नेटिव्ह की नॉन-नेटिव्ह, हे कुणी विचारलं नाही. दुर्वा आम्हा दोघांनाही मिळाल्या, ऑस्ट्रेलियन मुलाला आणि मला.

शनिवार-रविवार भटकायचा. आयुथयाचे अवशेष तर सायकलच्या टप्प्यात. चारशेहून अधिक वर्षं राजधानी असलेलं शहर १७६७ साली ब्रह्मी फौजांनी जाळलं. नाव आलंय आपल्या अयोध्येवरून. वात महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे. तिथे फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्यापेक्षा वर जाऊ द्यायचं नाही. 'चार रात्री-पाच दिवस'वाल्या सहलींतली आपली मंडळी तिथे उभ्यानं फोटो काढताना दिसली की मी लांबूनच मराठीत ओरडायची, "बसा हो खाली!" ती दचकून बसायचीसुद्धा.

बँकॉकच्या राजवाड्यात मी चार वेळा गेले. वात फ्रा केवच्या ओवऱ्यांत रामायणाची १७८ भित्तिचित्रं आहेत. तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल आहे, जलकन्येच्या प्रेमात पडतो. आईला मी ते चित्र दाखवलं तेव्हा तिनं आधी हात जोडले आणि मग तोंडाला पदर लावला. पण त्या राजवाड्यात मला खरी ओढ वाटायची ती दुसऱ्याच एका बाईची. १८६२ साली या दाराशी एक विधवा आपल्या लहान मुलाला घेऊन आली. राजा मोंगकुटच्या राण्यांना आणि मुलांना इंग्रजी शिकवायला. तिचं नाव अ‍ॅना लिओनोवेन्स. हिच्यावर कादंबरी निघाली, १९५१ साली ब्रॉडवेवर 'द किंग अँड आय' हे संगीत नाटक आलं, १९५६ मध्ये त्याचा चित्रपट झाला. १९९९ साली पुन्हा एक चित्रपट आला, जोडी फॉस्टर झाली होती अ‍ॅना. थायलंडनं त्यावर बंदी घातली, कारण आपल्या राजाचं असं चित्रण त्यांना रुचलं नाही.

पडद्यावरची अ‍ॅना अस्सल इंग्रज बाई. स्वतः अ‍ॅनाही जन्मभर तेच सांगत आली, जन्म वेल्समधला, साल १८३४. ती गेली १९१५ मध्ये. तिच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, १९७० च्या दशकात, ब्रिस्टो नावाच्या एका ब्रिटिश संशोधकानं जुनी दप्तरं चाळली, तेव्हा खरं उघड झालं. अ‍ॅनाचा जन्म १८३१ सालचा, आणि गाव अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर! बाप कंपनीच्या फौजेतला साधा सार्जंट, लेक जन्मायच्या आधीच वारलेला. आईकडून तिच्यात भारतीय रक्त असावं, असं अभ्यासक मानतात. लग्न १८४९ च्या नाताळात, पुण्यात. थायलंडमधली आजवरची सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी शिक्षिका आमच्या नगरची!

हे वाचलं तेव्हा मी रात्रभर झोपले नाही. तिनं लिहिलेल्या पुस्तकांत पुष्कळ भडक मालमसाला आहे. राजवाड्याखालच्या तळघरांतल्या तुरुंगांचं तिचं वर्णन तर बँकॉकच्या दलदलीत शक्यच नाही, असं टीकाकारांनी दाखवून दिलंय. थाई लोकांचा राग मला समजतो. मोंगकुट काही रानटी राजा नव्हता. सत्तावीस वर्षं भिक्षू म्हणून राहिलेला, खगोलाचा अभ्यासू, आणि स्वतः मोठेपणी इंग्रजी शिकलेला. म्हणजे 'नॉन-नेटिव्ह'च की! त्यानं अ‍ॅनाला का नेमलं? आधी शिकवायला येणाऱ्या मिशनरी बायका धर्मोपदेश करायच्या, त्याला नुसतं इंग्रजी हवं होतं.

पण जन्मगावाबद्दल ती खोटं बोलली, त्यासाठी मी तिला बोल लावू शकत नाही. नगरची, सार्जंटाची, कदाचित मिश्र रक्ताची पोर, असं सांगितलं असतं तर तिला कोणी दार उघडलं असतं? पदरात मुलं, नवरा पेनांगला वारलेला. चांगलं इंग्रजी एवढीच तिची पुंजी, आणि त्या पुंजीला किंमत यायची तर सोबत वेल्सचा दाखला हवा. पाच वर्षं तिनं त्या राजवाड्यात शिकवलं. पुढे राजा झालेला चुलालोंगकोर्न तिचा विद्यार्थी. त्या पाच वर्षांत वेल्स काही शिकवत नव्हतं. शिकवत होती ती नगर-पुण्यात वाढलेली बाई.

आणि आपण तरी काय वेगळे? मला कामाला लावणाऱ्या एजंटानं सुचवलं होतं, "मॅडम, अर्जावर जरा उजळ फोटो लावा. आणि मराठी मीडियम लिहू नका." हे सांगणारा आपलाच माणूस बरं का, थाई नव्हे. इकडे परत आल्यावर एका इंग्रजी शाळेत मुलाखत दिली. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुमचं स्कूलिंग कॉन्व्हेंटचं का?" आपल्या पालकसभांत बघा. ज्या आईचं इंग्रजी मागाहून शिकलेलं असतं ती मागच्या बाकावर गप्प बसते, आणि मुलगी घरी बजावते, "आई, तू मॅमशी बोलू नकोस हं." मराठी शाळेत शिकून कष्टानं इंग्रजी मिळवलेल्या बाईला आपण ते लपवायला शिकवतो. माझं म्हणणं उलट आहे. तिनं ते अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहावं. पाचवीपासून शिकले, म्हणून शिकवू शकते.

पहिलं वर्ष संपताना करार नव्यानं करायचा होता. मी मुख्याध्यापिकेकडे गेले, माझ्या आणि ऑस्ट्रेलियन मुलाच्या वर्गांचे परीक्षेचे कागद शेजारी-शेजारी मांडले आणि समान पगार मागितला. बाई शांतपणे वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, पालकांना गोरा शिक्षक दिसावा लागतो, फी त्यावर ठरते. मी म्हटलं, दिसू दे की, मी शिकवते. त्या पहिल्यांदाच मनापासून हसल्या. पगार वाढवला, पूर्ण बरोबरीचा नाही, पण जवळपास. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकावर इंग्रजी विभागाचा फोटो होता. गिटार घेतलेला ऑस्ट्रेलियन मुलगा, भोवती मुलं, आणि मागे फळा. फळ्यावर दोन केळी काढलेली होती.