मल्टिपल स्क्लेरॉसिस: दाहाचा संकेत रोखताना विवेक हवा

मल्टिपल स्क्लेरॉसिस या विकारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायेलिन आवरणावरच हल्ला चढवते. दृष्टी अंधुक होते, तोल जातो, हातापायांतील बळ ओसरते. प्रतिकारपेशी एकमेकींना देत असलेले दाहाचे संकेत रोखले की हा हल्ला थांबेल, असा तर्क त्यामुळे सहज सुचतो. मात्र या तर्काला मर्यादा आहेत, हे अनुभवाने दाखवून दिले आहे.

१९८७ मध्ये काही रुग्णांना इंटरफेरॉन-गॅमा हा संकेतरेणू देण्यात आला, तेव्हा विकार उलट बळावला. मग संशय टीएनएफ या दुसऱ्या रेणूवर गेला. तो रोखल्यास प्राण्यांमध्ये अशाच प्रकारचा आजार आटोक्यात येत होता. परंतु लेनरसेप्ट या टीएनएफरोधक औषधाच्या १६८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, ते धक्कादायक होते. औषध घेणाऱ्यांना आजाराचे झटके अधिक वेळा आले.

याचे एक स्पष्टीकरण पुढे उंदरांवरील संशोधनातून मिळाले. टीएनएफचे ग्राहक दोन प्रकारचे आहेत. एकामार्फत दाह वाढतो, तर दुसऱ्यामार्फत मायेलिनच्या दुरुस्तीला साहाय्य होते. सरसकट बंदी घातल्यास हानीबरोबर दुरुस्तीही थांबते.

नॅटालिझुमॅब या औषधाने वेगळा मार्ग धरला. ते प्रतिकारपेशींना मेंदूत शिरू देत नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण काही रुग्णांना पीएमएल हा मेंदूचा घातक विषाणूसंसर्ग झाल्याने फेब्रुवारी २००५ मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली. झटके कमी करण्याची त्याची क्षमता लक्षात घेऊन २००६ मध्ये ते कडक देखरेखीखाली परत आले. आता जेसी विषाणूच्या प्रतिपिंडांची तपासणी करून धोक्याचा अंदाज घेतला जातो.

भारतातही हा प्रश्न केवळ शास्त्रीय चर्चेपुरता नाही. संधिवातासाठी टीएनएफरोधक औषधे येथे वापरली जातात, त्यांच्या जैवसमान आवृत्त्या देशातच तयार होतात. मल्टिपल स्क्लेरॉसिस असलेल्या रुग्णाला ती सहसा टाळावी लागतात. म्हणून संधिवाताच्या रुग्णाने हा पूर्वेतिहास डॉक्टरांना सांगणे आणि डॉक्टरांनीही तो आवर्जून विचारणे आवश्यक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या विकाराची दखल घेतली. तेवढीच जागरूकता दवाखान्यातही अपेक्षित आहे. कोणता संकेत रोखायचा, यापेक्षा कोणता राखायचा, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.