'हार्ड'ला 'एलवाय' लावलं की घोळ होतो

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. पंचवीस वर्षं होऊन गेली. तरी मराठी माध्यमातून बारावी झालेलं पोरगं मुलाखतीत 'आय वर्क हार्डली' म्हणतं आणि समोरचे गालातल्या गालात हसतात. त्याला सांगायचं असतं, मी खूप मेहनत करतो. अर्थ होतो, मी जेमतेमच काम करतो.

पोराचा काय दोष? शिकवलं तेच त्यानं केलं. क्रियापदाबद्दल सांगायचं तर विशेषणाला 'एलवाय' लावा. क्विकचं क्विकली, स्लोचं स्लोली, मग हार्डचं हार्डली! पण 'हार्ड' दोन्हीकडे तसंच राहतं, 'फास्टली' असा शब्दच नाही आणि 'फ्रेंडली'ला शेपूट असूनही ते विशेषणच, हे गाइडात कुठंतरी कोपऱ्यात असतं. व्याख्या मात्र सगळ्यांना तोंडपाठ!

माझं म्हणणं, खरी गोची मराठीशी तुलना न करण्यात आहे. आपण 'चांगला मुलगा' म्हणतो आणि 'तो चांगला गातो' असंही म्हणतो. शब्द एकच. त्यात परत 'ती चांगली गाते', म्हणजे गाण्याबद्दल सांगणारा शब्दसुद्धा आपल्याकडे बाई-पुरुष बघून बदलतो. इंग्रजीत मुलगा 'गुड', गाणं 'वेल', मग गाणारा कुणी का असेना. आणि आपलं 'खूप' तर कुठंही चालतं: खूप मोठं, खूप पळाला, खूप आवडतं. 'खूप' म्हणजे 'व्हेरी' एवढंच पाठ केलेलं मूल 'आय व्हेरी लाइक' लिहिणारच. त्याला ढ म्हणू नका, ते मराठीच्या नियमानं अगदी बरोबर चाललंय.

'शी लुक्स ब्यूटिफुल' घ्या. क्रियापद दिसलं की मुलं 'ब्यूटिफुली' करतात. मराठीत विचारा ना, 'ती सुंदर दिसते' यात सुंदर कोण, ती की दिसणं? चौथीतलं पोर सांगेल, ती. मग विशेषण. संपला विषय.

पण हे विचारायचं कसं? कित्येक शाळांत इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की ओरडा बसतो. पुढच्या पालकसभेत फीबरोबर हेही विचारा: फळ्यावर दोन्ही भाषांतली वाक्यं शेजारी शेजारी लिहून शिकवायला आमच्या बाईंना परवानगी आहे का?